पाचशे शहात्तर ओळी

त्रेचाळीस इंची टीव्ही भिंतीला लागला
आणि कुंदाताईचं लग्न बिघडलं.

सोळा वर्षं चांगलं होतं ते
एकवीस इंची डब्यात, फुगीर काचेमागं:
कोपरखैरण्याचं मैदान, पाण्याच्या टाकीखाली मांडव,
बुंदीच्या पराती, रुसलेला धाकटा दीर.
आता नवरी रुंद झालीय,
भटजींचं नाक वितळलंय
आणि अक्षता हवेतच
साबुदाण्यासारख्या चिकटून बसल्यात.

"टीव्ही फसका निघाला," आई म्हणाली, "परत देऊन ये."

टीव्ही बरा आहे, आई.
तबकडीत ओळीच पाचशे शहात्तर,
ह्याला हव्यात एक हजार ऐंशी.
कमी पडलेल्या तो मनानं रचतो.
तू नाही का सांगत,
साताऱ्याहून तीन ट्रक वऱ्हाड आलं होतं.
एकच ट्रक होता.
आणि एक टेम्पो, तोही कांद्याचा.

रविवारी दिघ्याहून इम्तियाज आला.
मागं हात घालून त्यानं पिवळी वायर उपटली,
तीन लावल्या: लाल, हिरवी, निळी.
"सगळे एकाच बोळातून घुसत होते,
आता जो तो आपल्या वाटेनं."

कुंदाताईनं हात हलवला की बोटांना
कंगव्याचे दाते फुटायचे.
प्लेअरमध्ये कुठंतरी 'प्रोग्रेसिव्ह' दाबलं,
दाते गेले, बांगड्या आल्या.
हिरव्या. मोजता येतील इतक्या.

मग शार्पनेस. मी वाढवायला गेलो,
त्यानं रिमोटच काढून घेतला.
"शून्यावर ने, दादा. पातेलं आहे का घासायला?
कॅमेऱ्यानं टिपलंच नाही ते कुठून निघणार?"
रुंदी आवळली. नवरी परत बारीक झाली,
दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उभ्या राहिल्या.
"एवढ्या जागेचे पैसे मोजले," आई म्हणाली,
"आणि ती रिकामी?"

शेवटी एक किरकोळ गोष्ट, स्क्रीन फिट.
जुने टीव्ही चित्राची कड खायचे,
चारी बाजूंनी, थोडी थोडी.
हा नवाही खातो, खोड जुनीच.
इम्तियाजनं ती मोडली.
चित्र जरा आत सरकलं,
डाव्या कडेला बोटभर जागा उघडली
आणि त्या जागेत एक हात.

डोक्याच्या वर, ताठ, मुठीत हॅलोजनची दांडी.
करंगळी वाकडी.

सोळा वर्षं हे घर म्हणत आलंय
की स्वतःच्या पोरीवर अक्षता पडताना
हा माणूस गायब होता.
गेला असेल मार्केटात गाडी खाली करायला,
बटाटा महत्त्वाचा.
मामा दर दिवाळीला म्हणायचे, हसत.
आई हसायची नाही.

मंगलाष्टकं संपेपर्यंत हात तिथंच.
एकदाच दांडी ह्या मुठीतून त्या मुठीत गेली,
तेव्हा नवरीच्या तोंडावरचा उजेड हलला.
तो तिथं हलतो हे आम्हाला पाठ होतं.
आम्ही म्हणायचो, लाईट गेली-आली.

इम्तियाज स्क्रू वेचत होता.
बाबा मागं पलंगावर, कंबरेला पट्टा,
चहात टोस्ट बुडवत.
आई वळली. "समोर होतात?"

"हॅलोजनकडं तोंड करून कोण बघतंय.
भोईरचा पोरगा आला नव्हता, स्टँड मोडका."

"मग दोन पावलं पुढं तरी यायचं. फोटोत."

टोस्ट तुटून कपात पडला.
ते चमच्यानं त्याला शोधत राहिले.

"वायर आखूड होती."